मूठभर बदाम, चमचाभर पीनट बटर: कॅलरींच्या न जुळणाऱ्या हिशेबाचं एक प्रकरण

रोज १,९०० कॅलरींच्या आत राहूनही दहा आठवड्यांत एखाद्याचं वजन जेमतेम किलोभर उतरलं, की आजूबाजूचे लोक दोनच निष्कर्ष काढतात. एक तर तो चोरून खातो, नाहीतर त्याच्या अंगाचा गुणच तसा. आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या या गृहस्थांनी दोन्ही ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्यावर त्यांचा हळूहळू विश्वासही बसायला लागला होता. त्यांची नोंदवही चाळल्यावर मला मात्र वेगळीच शंका आली. ती कशी तपासली, तीत किती तथ्य निघालं आणि पुढे काय केलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. याच जागी अडकलेली माणसं मला वरचेवर भेटतात, आणि त्यातली बरीचशी स्वतःला दोष देत आलेली असतात.

सुरुवातीची स्थिती

वय ४४, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ८८.४ किलो. काम हिशेब तपासणीचं, म्हणजे दिवसभर खुर्चीत. संध्याकाळी अर्धा तास चालणं. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ टक्के आल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं (५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात). थायरॉइडची तपासणी व्यवस्थित होती, वजन वाढवणारं कुठलंही औषध चालू नव्हतं. खाण्याशी निगडित मानसिक आजार पूर्वी कधी होता का, हे मी पहिल्याच भेटीत विचारते. यांना तो नव्हता. हा प्रश्न का विचारायचा, ते पुढे येईलच.

मिफ्लिन-सेंट जॉर या १९९० च्या सूत्राने त्यांची विश्रांतीतली गरज १,७४० कॅलरी येते. बैठं काम आणि थोडं चालणं धरून ती १.४ ने गुणली की दिवसाची गरज २,४०० च्या थोडी वर जाते. १,९०० वर राहिलं तर रोज पाचशेच्या आसपास तूट पडायला हवी. एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी हा ढोबळ आकडा धरला, तर सत्तर दिवसांत साडेचार किलो कमी व्हायला हवे होते. आठवड्याच्या सरासरीवरून प्रत्यक्षात उतरलं होतं १.१ किलो.

“मॅडम, आकड्यांची चूक माझ्याकडून होत नाही,” असं ते ठामपणे म्हणाले. ते खरंच होतं. बेरजेत कुठेही चूक नव्हती.

नोंदवहीत काय दिसलं

एका दिवसाच्या नोंदी अशा होत्या: काकडी १४३ ग्रॅम. टोमॅटो ८७ ग्रॅम. उकडलेली भाजी २१२ ग्रॅम. आणि मग त्याच पानावर: पीनट बटर १ चमचा. बदाम मूठभर (१०). बिस्किटं २. डार्क चॉकलेट २ चौकोन. आईस्क्रीम अर्धा कप.

एवढं पाहिल्यावर काय तपासायचं ते माझ्यापुरतं ठरलं. जेवणातला प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये होता. खाऊ मात्र चमच्यात, मुठीत, चौकोनात आणि कपात होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, “जेवण मुख्य, म्हणून ते नीट मोजतो. बाकीचं काय, थोडंसंच तर असतं.”

हा समज अगदी स्वाभाविक आहे. ताटात जे जास्त दिसतं तेच महत्त्वाचं वाटतं. पण कॅलरींच्या हिशेबात चूक किती मोठी, हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: किती ग्रॅमने चुकलो, आणि त्या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत. काकडीत १०० ग्रॅमला साधारण १५ कॅलरी असतात. तिचा अंदाज ४० ग्रॅमने चुकला तरी फरक सहा कॅलरींचा. पीनट बटरमध्ये १०० ग्रॅमला ५९० च्या आसपास. तिथे १० ग्रॅमची चूक झाली की ५९ कॅलरी गेल्या. चरबी ग्रॅमला ९ कॅलरी देते, प्रथिनं आणि कर्बोदकं ४, आणि भाज्या म्हणजे बहुतांशी पाणी. खाऊचे बरेचसे पदार्थ चरबी आणि साखरेचे बनलेले, पाणी जवळपास नाही. म्हणून आकाराने लहान असूनही चुकीला सगळ्यात जास्त वाव तिथेच असतो.

या गृहस्थांची सगळी काटेकोर मेहनत अशा जागी खर्च होत होती जिथे तिचा फारसा उपयोग नव्हता.

इथे एक गोष्ट त्यांना मुद्दाम सांगितली. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आपण १,२०० कॅलरींहून कमी खातो आणि तरी वजन उतरत नाही, असं सांगणारी माणसं त्यात घेतली होती. त्यांचा खरा ऊर्जाखर्च मोजला तेव्हा चयापचय मंद असल्याचं आढळलं नाही. मात्र खाणं त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ती माणसं खोटारडी होती असा अर्थ मी यातून काढत नाही, कुणी काढूही नये. अंदाज ठरावीक दिशेने चुकतो, इतकंच त्यातून घ्यायचं. हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण बराच कमी झाला, आणि चौकशीला तिथून मोकळेपणाने सुरुवात झाली.

न बदलता मोजण्याचा आठवडा

पहिला आठवडा काहीही कमी करायचं नाही, असं ठरलं. जे खातो तेच, तेवढंच खायचं. फक्त किती खाल्लं ते कळायला हवं. यात एक अडचण असते. काटा समोर दिसला की हात आपोआप आखडतो आणि नेहमीचं माप कळतच नाही.

म्हणून बरणीचंच वजन करायचं ठरवलं. पीनट बटरची एक बरणी, बदामाचा एक डबा, चॉकलेट आणि आईस्क्रीमचा एक डबा, हे सगळं फक्त त्यांच्यासाठी वेगळं ठेवलं. घरातल्या बाकीच्यांसाठी दुसरं. त्यांच्या पत्नी सकाळी आणि रात्री या वस्तू काट्यावर ठेवून आकडा वहीत लिहीत आणि वही स्वतःकडे ठेवत. सकाळच्या वजनातून रात्रीचं वजा केलं की दिवसभरात किती गेलं ते मिळतं. बरणी उघडताना काट्याकडे बघायची वेळच यायची नाही. दुसऱ्याच दिवशी पत्नींनी मला फोन केला, “अहो, हे मोजायचं म्हणून कमी खातायत की काय, असं वाटतंय.” आकडे पाहिले तर तसं नव्हतं. कमी खाल्ल्यासारखं वाटणं आणि कमी खाणं यांतला फरक त्याच दिवशी दोघांना दिसला.

आठवड्याअखेर मिळालेलं चित्र असं.

पीनट बटर: नोंद १६ ग्रॅमची, ९४ कॅलरी. प्रत्यक्षात सरासरी ३१ ग्रॅम, १८३ कॅलरी.

बदाम: नोंद दहा दाण्यांची, म्हणजे १२ ग्रॅम, ६९ कॅलरी. प्रत्यक्षात मूठ ३४ ग्रॅमची निघाली, १९७ कॅलरी.

बिस्किटं: नोंद १२० कॅलरी, प्रत्यक्षात १३०. इथे फारसं काही निघालं नाही, आणि याचं कारण उघड आहे. बिस्किट कारखान्यातून मोजूनच येतं, त्याला शीग लागत नाही.

डार्क चॉकलेट: नोंद ५८ कॅलरी, प्रत्यक्षात ११६, बरोबर दुप्पट. हा घोटाळा त्यांच्या हाताचा नव्हताच. कॅलरी मोजण्याच्या ॲपमधल्या नोंदीत एक चौकोन ५ ग्रॅमचा धरला होता. त्यांच्या चॉकलेटची वडी १०० ग्रॅमची आणि तिला दहाच चौकोन. म्हणजे चौकोन १० ग्रॅमचा. ‘एक नग’, ‘एक चौकोन’, ‘एक स्कूप’ अशी मापं असलेली ॲपमधली नोंद मी कधीच विश्वासाने घेत नाही. ती कुणीतरी आपल्या घरातल्या वस्तूवरून भरलेली असते.

आईस्क्रीम, आठवड्यातून तीनदा: नोंद ६६ ग्रॅमची, १३७ कॅलरी. प्रत्यक्षात १४२ ग्रॅम, तेही दाट प्रकारचं, ३४८ कॅलरी.

आईस्क्रीमचा भाग दिवसावर वाटून बेरीज केली तर खाऊची नोंद रोज ४०० कॅलरींची होती आणि पोटात जात होत्या ७७५. फरक ३७५. पाचशेच्या तुटीतून तो वजा केला की उरतात १२५, आणि सत्तर दिवसांचे होतात ८,७५० कॅलरी, म्हणजे सव्वा किलोच्या आत. वजनकाट्याने १.१ किलो दाखवलं होतंच.

आकडे इतके छान जुळले की ते गृहस्थ खूश झाले. मी त्यांना थोडं थांबवलं. दिवसाची २,४३५ ची गरज हाच मुळात सूत्रावरून काढलेला अंदाज आहे आणि तो एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दोनशे कॅलरींनीही इकडेतिकडे होऊ शकतो. शिवाय बदामाचा लेबलवरचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असतो. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी माणसांना बदाम खाऊ घालून मोजलं, तेव्हा २८ ग्रॅम बदामातून शरीराला १२९ कॅलरी मिळाल्या. नेहमीच्या पद्धतीने त्या १६८ ते १७० धरल्या जातात. दाण्याच्या पेशी पूर्ण चावल्या जात नाहीत, त्यातली काही चरबी तशीच बाहेर पडते. (बदाम बारीक वाटून त्याचं बटर केलं की ही सूट मिळत नाही, असंही नंतरच्या अभ्यासात दिसलं.) त्यामुळे ३७५ ऐवजी खरा फरक ३३५ च्या आसपास असेल. दिशा आणि आवाका पक्का आहे, शेवटचा अंक नाही.

चमचा

पुढच्या भेटीला त्यांना बरणी, नेहमीचा चमचा आणि घरातला काटा घेऊन यायला सांगितलं. ‘एक चमचा’ म्हणजे १६ ग्रॅम आणि ३१ ग्रॅम यांत इतकं अंतर कुठून पडतं, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं आणि त्यांनाही दाखवायचं होतं.

आधी त्यांनी नेहमीसारखं काढलं. चमचा बरणीत उभा खुपसला, फिरवला आणि वर काढला. वर टेकाडासारखा ढीग होताच, पण चमच्याच्या पाठीलाही बोटभर जाडीचा थर चिकटला होता. काट्याने ३० दाखवले. मग सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट केला आणि खालचा थर बरणीच्या कडेला पुसला. आता १६. चमचा तोच, हात तोच, फरक जवळपास दुपटीचा. मोजमापातला मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि सपाट भरलेला असतो, हे त्यांना ठाऊक होतं; पण पीनट बटरसारखा चिकट पदार्थ चमच्याच्या आतही बसतो आणि बाहेरही, हे कुणी लक्षात घेत नाही.

मग त्यांनी ते ब्रेडवर लावलं आणि ‘रिकामा’ चमचा मी काट्यावर ठेवायला सांगितला. त्यावर ३ ग्रॅम शिल्लक होतं. ते रोज चाटून टाकलं जायचं. अठरा कॅलरी.

यावर उपाय सोपा आहे आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त तोच कामाला आला. बरणी उघडून काट्यावर ठेवायची, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग हवं तेवढं काढायचं. काटा उणे १५ दाखवेल. तेवढं बाहेर आलं. चमच्यावर राहिलेलं, चाटलेलं, ब्रेडवर गेलेलं, सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. वाटी नको, चमचा धुवायची घाई नको. मध, जॅम, चॉकलेट स्प्रेड, आईस्क्रीम, सगळ्याला हीच पद्धत चालते.

काट्याच्या दोन खोडी

सपाट चमच्याचा धडा गिरवल्यावरही दुसऱ्या आठवड्यात चॉकलेट चिप्सचे आकडे विचित्र येत होते. काट्यावर वाटी ठेवून, शून्य करून ते एकेक चिप टाकत. बऱ्याच चिप्स पडल्या तरी आकडा शून्यच. त्यांना वाटलं, चिप्सला वजनच नाही.

घरगुती डिजिटल काट्यांत बहुधा अशी सोय असते की शून्याजवळ अगदी थोडा फरक हळूहळू पडला, तर काटा तो तापमानाचा किंवा धक्क्याचा परिणाम समजून स्वतःच पुन्हा शून्य करून घेतो. एकेक ग्रॅमपेक्षा हलकी वस्तू सावकाश टाकत गेलं की प्रत्येक वेळी तेच होतं. आम्ही तिथल्या तिथे करून पाहिलं: हळूहळू टाकल्यावर काटा २ ग्रॅम म्हणाला, वाटी उचलून चिप्स वेगळ्या भांड्यात घेतल्या, रिकामी वाटी ठेवून शून्य केलं आणि सगळ्या चिप्स एकदम ओतल्या तर ७. म्हणून हलक्या वस्तू आधी हातात किंवा दुसऱ्या भांड्यात घ्याव्यात आणि एकदम ठेवाव्यात.

दुसरी खोड म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांत काटा आपला आपण बंद होतो आणि केलेलं शून्य विसरतो. बरणीतून काढता काढता फोन आला की संपलं. यासाठी ते सुरुवातीचं वजन कागदावर लिहून ठेवायला लागले.

काटा कठीण आणि सपाट पृष्ठभागावर ठेवा, खाली फडकं नको. तो बरा आहे की नाही, हे पाहायला साधं पाणी पुरतं: मापाच्या भांड्यातलं १०० मिलिलिटर पाणी १०० ग्रॅमच्या अगदी जवळ भरतं. न उघडलेला पुडाही चालतो. त्याचं वजन छापलेल्या निव्वळ वजनापेक्षा वेष्टनापुरतं जास्त यावं.

आईस्क्रीमची अडचण

याला थोडी जागा देते, कारण इथे भले भले फसतात. आईस्क्रीममध्ये हवा असते, आणि ती किती हे प्रकारानुसार बरंच बदलतं. अमेरिकेच्या नियमानुसार एका गॅलनला किमान साडेचार पौंड भरलं तरच त्याला आईस्क्रीम म्हणता येतं, म्हणजे लिटरला ५४० ग्रॅमच्या आसपास. दाट, महागड्या प्रकारात लिटरला ८०० ग्रॅमच्या वरही भरतं. त्यामुळे ‘अर्धा कप’ हलक्या आईस्क्रीमचा ६६ ग्रॅम असेल आणि दाटचा शंभराच्या घरात. शिवाय दाट प्रकारात चरबी जास्त, म्हणजे ग्रॅममागे कॅलरीही जास्त. कपाने मोजलं की दोन्हीकडून मार बसतो.

डबा विकला जातो मिलिलिटरमध्ये, कॅलरी मात्र कधी १०० मिलिलिटरला दिलेल्या असतात तर कधी १०० ग्रॅमला. हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. आकडा मिलिलिटरमागे असेल आणि डब्यावर एकूण वजनही दिलेलं असेल, तर भागाकार करून ग्रॅमचा आकडा काढता येतो. नसेल, तर नवा डबा एकदा काट्यावर ठेवावा आणि संपल्यावर रिकामा पुन्हा ठेवावा. फरक म्हणजे आतलं वजन. वितळलं तरी वजन बदलत नाही, त्यामुळे घाई फक्त फ्रीजरच्या बाहेर डब्याला धरणाऱ्या दवाची. ते एक-दोन ग्रॅमचं प्रकरण, फडक्याने पुसलं की झालं.

घरचा केक

तिसऱ्या आठवड्यात घरात वाढदिवस आला. केक घरी करायचा होता आणि ‘केक, एक तुकडा’ या नोंदीवर आता त्यांचा भरवसा राहिला नव्हता. हे चांगलंच लक्षण.

साहित्य असं होतं: मैदा २५० ग्रॅम, साखर २००, लोणी २००, चार अंडी, दूध १०० मिलिलिटर. कॅलरींची बेरीज ३,४७० च्या आसपास. कच्च्या मिश्रणाचं वजन ९५० ग्रॅम, भाजून झाल्यावर केकचं ८५०. मधले शंभर ग्रॅम म्हणजे वाफ होऊन गेलेलं पाणी, आणि पाण्याबरोबर कॅलरी जात नाहीत. म्हणून भागायचं ते भाजलेल्या वजनाने: ग्रॅमला ४.०८. नव्वद ग्रॅमचा तुकडा ३६७ कॅलरींचा. कच्च्या वजनाने भागलं असतं तर ३२९ आले असते, चाळीसच्या आसपास फरक. यासाठी केकचं भांडं आधी रिकामं तोलून ठेवावं लागतं, तेवढं लक्षात ठेवलं की पुरे.

काय ठेवायचं, काय सोडायचं

रोजचा ३७५ चा फरक कळल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, “उद्यापासून सगळं बंद.” मी याला साफ नकार दिला. जो माणूस रात्री दोन चौकोन चॉकलेट आवडीने खातो, त्याचं चॉकलेट तोडलं तर ते काही आठवडे तुटतं आणि नंतर वडीच्या वडी संपते. असं मी बरेचदा पाहिलं आहे. शिवाय इथे कारण खाऊ नव्हताच, त्याचं माप होतं.

खाऊसाठी रोज ३०० कॅलरी ठरवल्या आणि त्यात काय बसवायचं ते त्यांनीच ठरवलं. बिस्किटं पहिल्या झटक्यात गेली. ती आवडीने खाल्ली जातच नव्हती, फक्त चहासोबत हाताशी असायची. पीनट बटर १५ ग्रॅम, बदाम १५ ग्रॅम, चॉकलेटचा एक चौकोन, आणि आठवड्यातून दोनदा ७० ग्रॅम आईस्क्रीम. मिळून रोजचे २८५ च्या आसपास.

काकडी, टोमॅटो आणि भाज्या तोलणं मी पूर्ण बंद करायला लावलं. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. सगळं तोललं तर शिस्त राहते, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं, माणसाच्या अंगी मोजायचा उत्साह मर्यादित असतो आणि तो काकडीवर खर्च झाला की पीनट बटरच्या वेळी उरत नाही.

रोज तोलावं लागू नये म्हणूनही काही केलं. बदाम रविवारी एकदम तोलून सात लहान डब्यांत भरून ठेवायचे. चॉकलेटला काट्याची गरजच नाही: छापलेलं निव्वळ वजन भागिले चौकोन. डबाबंद, मोजून आलेल्या कुठल्याही वस्तूला हाच भागाकार लागू पडतो. रोज काट्यावर आल्या त्या दोनच वस्तू, पीनट बटर आणि आईस्क्रीम.

आणि दशांश चिन्हं काढून टाकली. अमेरिकी नियमांत प्रत्यक्ष कॅलरी लेबलवरच्या आकड्याच्या १२० टक्क्यांपर्यंत असल्या तरी लेबल नियमात बसतं, आणि ५० च्या वरचा आकडा जवळच्या दहावर नेऊन छापतात. ज्या आकड्याचा पायाच इतका सैल, तिथे ८७.३ कॅलरी लिहिण्याला अर्थ नाही. वजन ग्रॅमपर्यंत, कॅलरी दहाच्या पटीत.

पुढचे बारा आठवडे

वजन ८७.३ वरून ८३.९ वर आलं. ७,७०० च्या हिशेबाने याहून जास्त उतरायला हवं होतं, आणि त्यांनी तसं विचारलंही. शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही उतरतो, म्हणून तो साधा भागाकार जास्त दिवसांवर टिकत नाही. २०११ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या गणितानुसार रोजच्या खाण्यात २४ कॅलरींचा कायमचा फरक केला तर शेवटी साधारण एक किलोचा फरक पडतो, पण त्यातला निम्मा व्हायलाच वर्ष लागतं. आम्ही ठरवलेली गती त्याला धरूनच होती.

मध्ये एक वळण आलं. पाचव्या आठवड्यात एका प्रवासानंतर वजन चार दिवस ९०० ग्रॅमने वर राहिलं. खारट खाणं आणि जास्तीची कर्बोदकं यांनी शरीरात पाणी धरलं जातं. साठलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीरातल्या कर्बोदकांच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. चरबी एवढ्या लवकर वाढत नाही. हे सांगूनही ते बेचैन राहिले आणि त्यांनी पुन्हा सगळं तोलायला सुरुवात केली, काकडीसकट. ऑफिसात सहकाऱ्याने आणलेला केक ‘तोलता येत नाही’ म्हणून नाकारला आणि दिवसभर त्याचाच विचार केला, हे त्यांनीच सांगितलं.

मोजमाप जेव्हा खाण्याच्या आधी भीती निर्माण करायला लागतं, तेव्हा ते थांबवणं हाच उपचार असतो, आणि यात मी तडजोड करत नाही. ज्यांना पूर्वी खाण्याशी निगडित आजार होऊन गेला आहे, त्यांच्या हाती मी काटा देतच नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञांबरोबर वेगळ्या वाटेने जावं लागतं. इथे तितकी वेळ आली नव्हती, पण खूण स्पष्ट होती. एक आठवडा काटा कपाटात गेला, नोंद बंद, वजन करणं बंद. खाणं नेहमीचंच. आठवड्यानंतर वजन आधीच्या सरासरीवर परत आलेलं होतं.

त्यानंतर काट्याचं काम बदललं. आधी डोळ्यांनी अंदाज सांगायचा, मग तोलायचं. बदामात ते लवकरच दोन-तीन ग्रॅमच्या आत यायला लागले. पीनट बटरचा अंदाज महिनाभरानेही चार-पाच ग्रॅमने कमीच यायचा. आईस्क्रीमचा तर कधीच धड जमला नाही, आणि तो माझाही जमत नाही. गार, गोल, हवेने भरलेल्या पदार्थाचं वजन डोळ्याला कळत नाही.

बाहेरच्या खाण्याला आम्ही सरळ अंदाज लावतो. घरच्या ओळखीच्या तुकड्याशी तुलना करायची आणि शंका असेल तर वरचा आकडा लिहायचा. सहकाऱ्याच्या केकची नोंद आता ‘मोठा तुकडा, ४००’ अशी असते.

एचबीएवनसी पुन्हा तपासली तेव्हा ५.८ आली. या काळात त्यांचं चालणंही अर्ध्या तासावरून तासाभरावर गेलं होतं, म्हणून याचं श्रेय मी एकट्या काट्याला देणार नाही. पुढच्या तीन महिन्यांत कॅलरी आणखी कमी करायच्या नाहीत, असं डॉक्टरांशी बोलून ठरलं आहे. काट्यावर फक्त पीनट बटर आणि आईस्क्रीम येतं. कुठल्याही वस्तूची कंपनी किंवा प्रकार बदलला, की पहिला आठवडा ती नव्याने तोलायची आणि लेबल १०० ग्रॅमचं आहे की १०० मिलिलिटरचं, ते आधी वाचायचं.